तुम्ही विचारलंत म्हणून : दादाच्या फुफ्फुसांविषयी

“एवढं वजन होतं, म्हणूनच चरबी फुफ्फुसात गेली ना?” कागलजवळ महामार्गावर दादाच्या मांडीचे हाड मोडले तेव्हापासून हा प्रश्न मला लग्नघरी, बँकेत, अगदी महाद्वार रोडवर उभे करूनही विचारला जातो. तर, नाही. ती चरबी पोटावरची नव्हती, मोडलेल्या हाडातल्या मज्जेची होती. प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडात पिवळी, स्निग्ध मज्जा असते आणि ती सडपातळ माणसाच्याही हाडात असते. हाड मोडल्यावर तिचे कण फाटलेल्या शिरांतून रक्तात उतरतात आणि फुफ्फुसांतल्या केसाहूनही बारीक वाहिन्यांत अडकतात. फॅट एम्बोलिझम नावाचा हा विकार काटक तरुणांनाही गाठतो.

दुसऱ्या रात्री दादा पाय वजनाला बांधून उताणा पडला होता. कुशीवर वळवायला चार माणसे लागत असल्यामुळे त्याला फारसे कोणी हलवत नव्हते. मध्यरात्रीनंतर तो ऑक्सिजनचा मास्क ओढून काढू लागला आणि आई जेवली का, असे विचारू लागला. आई जाऊन वर्षे झाली होती. वेदनाशामक औषधाची गुंगी असेल, असे सगळ्यांना वाटले. मी घाम पुसायला शर्ट उघडला, तेव्हा छातीवर आणि काखेत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. मी ते दाखवले आणि त्यानंतर धावपळ सुरू झाली. अपघातानंतर एक ते तीन दिवसांत धाप, भ्रम आणि असे ठिपके एकत्र दिसले, तर डॉक्टरांना प्रथम याच विकाराची शंका येते. पहाटे त्याला व्हेंटिलेटरवर ठेवले. बाहेर बाकावर बसलेला आमचाच एक नातेवाईक म्हणाला, “खाऊन खाऊन चरबी वर चढली.” आत दादा श्वासासाठी झगडत असताना ते वाक्य मी ऐकले, आणि तुमचा प्रश्न कितीही मायेचा असला तरी मला त्यात तेच ऐकू येते.

म्हणून पुढे कित्येक महिने मी वजनाचा काडीमात्र संबंध नाही, असे ठणकावून सांगत असे. आज तसे सांगणार नाही. ११८ किलोचा माणूस उताणा झोपला की पोटाचा भार श्वासपटलाला वर रेटतो, फुफ्फुसांचे खालचे भाग मिटतात आणि तेथे कफ साचतो. दादा झोपेत घोरत असे, मधूनच त्याचा श्वास थांबत असे; अशा माणसाला मॉर्फिनसारखे औषध जपून द्यावे लागते. पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोकाही स्थूल माणसाला अधिक. म्हणजे चरबीचे कण हाडातूनच आले, पण ते पोहोचले तेव्हा फुफ्फुसांत फारशी ताकद शिल्लक उरली नव्हती. ज्या गावात भरल्या अंगाच्या पैलवानाला मान मिळतो, त्याच गावात दादाचे अंग मोडल्या हाडासह खाटेवर पडताच त्याचा गुन्हा कसे ठरते, हे मात्र मला अजूनही मान्य नाही.

आयसीयूतल्या डॉक्टरीणबाईंनी त्या दिवसांत दादाची उंची टेपने मोजून घेतली, कारण व्हेंटिलेटरने किती हवा द्यायची हे वजनावरून ठरवत नाहीत. फुफ्फुसे माणसाच्या उंचीप्रमाणे असतात, अंगावर मांस चढले म्हणून ती मोठी होत नाहीत. डॉक्टरीणबाई काट्यावरचा आकडा न पाहता रुग्णाकडे पाहत होत्या, एवढ्यावरूनच मला धीर आला.

राहिला मोडलेल्या हाडात रॉड घालायला उशीर का झाला, हा प्रश्न. मांडीचे हाड पहिल्या २४ तासांत स्थिर केले तर फुफ्फुसांचे विकार कमी होतात, असे १९८९ सालच्या एका अमेरिकी चाचणीत दिसले होते. दादाचे ऑपरेशन पुढे ढकलले गेले, कारण घोरणे आणि कमी ऑक्सिजन पाहून भूल देण्याआधी तपासण्या हव्या होत्या. ती सावधगिरी योग्यच होती, असे एक डॉक्टर सांगतात. दुसरे म्हणतात की त्याच रात्री बाहेरून सळ्या लावून हाड तात्पुरते तरी बांधायला हवे होते. दोघांचेही म्हणणे मला पटते, आणि वजनाचा दोष किती हे ठरवायला बसले की मी याच जागी अडते.