आधी मान बघा, मग बाटली: आमची वाटचाल

आमचं दुकान मूळचं बांगड्या, टिकल्या, कुंकू आणि पावडरीचं. कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून असलेल्या एका गल्लीत सासूबाईंनी ते सुरू केलं. पाटीवर अजूनही ‘लेडीज शॉपी’ असंच आहे. २००९ साली त्यांनी गल्ल्याची किल्ली माझ्या आणि जाऊबाईंच्या हाती दिली. जाऊबाईंचा पार्लरचा कोर्स झालेला, म्हणून नवरीचा मेकअप त्यांच्याकडे आणि माल मी बघायचा, अशी वाटणी झाली.

चेहऱ्याचा रंग एकसारखा दिसावा म्हणून लावतात ते फाउंडेशन तेव्हा दुकानात नावालाच होतं. वितरकाकडून दोन-तीन शेड, म्हणजे रंगछटा यायच्या, सगळ्या फिक्या. आणि आमचं गिऱ्हाईक कोण? कागल, राधानगरी, पन्हाळ्याकडच्या मुली. रानात उन्हातान्हात राबणाऱ्या, स्कूटीवरून कॉलेजला येणाऱ्या. चेहरा रापलेला, मान त्याहून उजळ, ओठांभोवती आणि कपाळावर थोडा काळसरपणा. त्या चेहऱ्याला साजेल अशी बाटलीच आमच्याकडे नव्हती. गडद शेड मागितली की वितरकाचं ठरलेलं उत्तर, “तुमच्याकडं त्या खपत नाहीत, मॅडम.” फळीवर ठेवल्याच नाहीत तर खपतील कशा? मग आम्ही मुंबईला जाऊन क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या होलसेल दुकानांतून माल आणायला लागलो. तिथं स्वस्ताच्या मोहात पडून चालत नाही. बॅच नंबर, एक्सपायरी, परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक, यातलं काही नसेल तर ती पेटी आम्ही उचलत नाही. ही वस्तू कुणाच्या तरी कातडीवर तासन् तास राहणार असते.

गडद आणि मधल्या शेड आल्या तसं आमचं काम खऱ्या अर्थानं सुरू झालं. फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार भुकट्यांतून तयार होतो: टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा, आणि आयर्न ऑक्साइडचे पिवळा, लाल, काळा. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर दोन शेड फिकं फाउंडेशन लावलं की त्यातला पांढरा वर दिसायला लागतो. चेहरा उजळत नाही, राख फासल्यासारखा दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक त्वचेत पिवळसर झाक असते, काहींत हिरवट. त्यावर गुलाबी झाकेची बाटली कितीही महागडी असली तरी वेगळी पडते. बाटलीवरच्या नंबरावरही जाऊ नका. एका कंपनीची गव्हाळ शेड दुसरीकडे त्याच नंबरावर सापडत नाही.

म्हणून आमच्याकडे हातावर शेड लावून दाखवत नाही. मनगट आणि चेहरा यांचा रंग क्वचितच जुळतो. जबड्याच्या कडेवर, मानेकडे उतरत्या, शेजारी शेजारी तीन रेघा ओढायच्या आणि गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर पायरीवर उभं करायचं. ट्यूबलाइटखाली सगळंच चांगलं दिसतं. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, कारण त्वचेच्या तेलात मिसळून काही फाउंडेशन गडद होतात. एवढ्या वेळानं जी रेघ दिसेनाशी झाली, ती तुमची शेड. त्वचेची झाक ओळखायला मनगटावरच्या शिरा हिरव्या की निळ्या हे बघण्याची युक्ती मोबाइलवर सगळ्या मुली शिकून येतात, पण सावळ्या हातावर शिराच नीट दिसत नाहीत. रेघेवर भरवसा ठेवावा.

सर्वांत जास्त जपावं लागतं ते नवरीला. हळद लागली की त्वचेवर तिचा पिवळेपणा राहतो, म्हणून शेड ठरवायची ती हळदीच्या आधी. हळदीनंतर जुळवलेली बाटली आठवड्यानं वापरायला काढली तर ती पिवळी दिसते. लग्नात मामाकडची पिवळी अष्टपुत्री अंगावर असते, तिचाही रंग हनुवटीखाली उमटतो. त्यात होमाचा धूर, मे महिन्यातलं कार्यालय आणि घाम. जाऊबाई अशा वेळी जाड थर कधीच देत नाहीत. ओठांभोवतीच्या काळेपणावर केशरी करेक्टर (काळेपणा झाकणारं रंगीत क्रीम) बोटानं दाबून बसवायचा, मग पातळ फाउंडेशन, आणि पावडर फक्त नाक, कपाळ, हनुवटीवर. पांढरी सिलिका पावडर डोळ्यांखाली जास्त झाली तर फ्लॅशच्या फोटोत तिथं पांढरे डाग येतात. ट्रायलच्या दिवशी आम्ही फ्लॅश लावूनच फोटो काढतो.

आईकडून मात्र एक मागणी हमखास येते, “वैनी, पोरगी जरा उजळ दिसू दे की.” त्या माउलीचा राग येत नाही. तिनं मुलीच्या रंगावरून काय काय ऐकून घेतलेलं असतं, ते आम्हालाही ठाऊक आहे. जाऊबाई अर्ध्या चेहऱ्याला फिकी शेड लावतात, अर्ध्याला जुळणारी, आणि मायलेकींना पायरीवर नेऊन आरसा हातात देतात. बहुतेक जणी तिथंच ठरवतात. ज्यांना तरीही फिकीच हवी असते, त्यांची ऑर्डर आम्ही घेत नाही. सीझनमध्ये यानं पैसे जातात. तरी सावळ्या मुलीला तिच्याच लग्नात ओळखू येणार नाही असं रंगवायला आम्ही तयार नाही.

२०१७ मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या मेकअप ब्रँडनं एकदम ४० शेड बाजारात आणल्या आणि जगभर मोठ्या कंपन्याही शेड वाढवायला लागल्या. आमच्यासारख्या दुकानाला त्याचा खरा फायदा झाला. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ गेलं. त्याच वर्षी लग्नं ५० माणसांवर आली, तोंडाला मास्क आले आणि फाउंडेशन पार बसलं. तेव्हा दुकान बांगड्यांनीच तगवलं. आता मधल्या आणि गडद शेड आमच्याकडे सर्वांत आधी संपतात.

शेड बघायला यायचं तर दिवसाउजेडी, चारच्या आत या. चेहरा धुऊन, क्रीम-पावडर न लावता या. रोज वापरत असलेलं सनस्क्रीन सोबत आणा, कारण काही फाउंडेशन त्यावर गोळा होऊन सुटतात. त्वचा नाजूक असेल तर थोडं फाउंडेशन डबीत भरून देतो. कानामागे लावून एक दिवस बघा, खाज किंवा पुरळ आलं नाही तरच पूर्ण बाटली घ्या. आणि नवरी असाल तर हळदीच्या निदान पंधरा दिवस आधी.