कंट्रोलमधलं टोक

सिक्वेन्सिंगचा, म्हणजे पेशींतल्या आरएनएच्या तुकड्यांची अक्षरं वाचून काढल्याचा, डेटा दुपारी हाती आला. डासांच्या दोन प्रकारच्या पेशींना आम्ही चिकनगुनियाचा विषाणू दिला होता. जोडीला विषाणू न दिलेले कंट्रोल. डासाच्या स्वतःच्या जीनोमशी जुळणारे तुकडे वगळून उरलेल्यांत २१ अक्षरी आरएनए किती, एवढंच बघायचं होतं.

डासाकडे आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात. चिकनगुनिया पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा लांबलचक दुपदरी आरएनए तयार होतो, आणि तिथेच तो पकडला जातो. डायसर-२ हे प्रथिन त्याचे २१ अक्षरांचे तुकडे पाडतं. आर्गोनॉट-२ त्यातला एक पदर धरून ठेवतं आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए सापडला की छाटतं. चोराच्याच चपलेवरून चोर शोधायचा प्रकार!

तुकड्यांच्या लांबीचा आलेख काढला. सी६/३६ या पहिल्या प्रकारच्या पेशींत २१ वर काहीच नव्हतं, पुढे २४ ते ३० मध्ये पसरट उंचवटा. हे अपेक्षितच. त्यांचं डायसर-२ चं जनुक बिघडलेलं आहे, त्यामुळे विषाणूंना रान मोकळं. डेंग्यू वाढवायला जगभर त्याच वापरतात. (मूळ पेशी आपल्या पुण्याच्या. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत), एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून केलेल्या. हे लॅबमधल्या निम्म्या पोरांना ठाऊक नसतं.)

दुसऱ्या, एडिस इजिप्ती डासाच्या एएजी२ पेशींत २१ वर सुईसारखं टोक आलं. छान. पण कंट्रोलमध्येही तसंच टोक!

"नळ्यांची अदलाबदल नाही ना झाली?" मॅडमनी विचारलं. तसं असतं तर चिकनगुनियाचे तुकडे दिसले असते. तो औषधालाही नव्हता. मग ते तुकडे कीटकांच्या माहीत असलेल्या विषाणूंशी जुळवून पाहिले. सेल फ्यूजिंग एजंट व्हायरस. डेंग्यूच्याच कुळातला, फक्त कीटकांत राहणारा, १९७५ साली अशाच पेशींत सापडलेला. त्याच्या जीनोमवर सुरुवातीपासून शेवटापर्यंत, दोन्ही पदरांवर, आमचे तुकडे बसत होते.

एएजी२ मध्ये तो मुक्कामाला असतो हे पेपरांत छापलेलं आहे. तरी स्क्रीनवर बघताना मी हबकलोच. २८ अंशांवर वाढवलेल्या त्या पेशी मायक्रोस्कोपखाली ठणठणीत दिसायच्या. विषाणू जात नव्हता, पेशी मरत नव्हत्या, डायसरचं काम मात्र अखंड चालू होतं.

मॅडमनी फ्लास्कवरचं 'अनइन्फेक्टेड' खोडायला लावलं, आणि आधीच कामाला जुंपलेल्या डायसरमुळे चिकनगुनियाचे आमचे आकडे बदलतात का, ते तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं.