पहिल्या वर्षी नुसती पानं

परवा व्हिडिओ कॉलवर भारतातल्या आत्याला माझ्या इथल्या, परदेशातल्या बागेतला वाफा दाखवला. स्वीट विल्यम नुकता फुललाय. पांढरा, गुलाबी, गर्द लाल, मधोमध वेगळ्या रंगाचं कडं. तिने पाहिलं आणि म्हणाली, ‘एवढ्यासाठी वर्ष घालवलंस? तेवढ्यात झेंडू किती वेळा होऊन गेला असता!’ ते मनाला लागलं, म्हणून हे लिहितेय.

रोपं शेजारच्या आजींनी दिली होती. देतानाच त्यांनी बजावलं होतं, की फुलं पुढच्या वर्षी येतील, तोवर उपटायची नाहीत. हे झाड मुळात दक्षिण युरोपातल्या डोंगराळ भागातलं, आणि त्याचं वेळापत्रक तिथल्या थंडीने ठरवलेलं आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बी टाकायचं, वर मातीचा पातळ थर पुरे. हवा 15 ते 20 अंशांची असली की दोनेक आठवड्यांत उगवतं. पानगळीच्या दिवसांत रोपं कायमच्या जागी लावायची, दोन रोपांत वीतभर तरी अंतर सोडून. मग कडाक्याची थंडी येते आणि जमिनीलगत नुसता पानांचा झुपका बसून राहतो. जुन्या जातींना ही थंडी मिळाल्याशिवाय कळीच धरत नाही. म्हणजे मी वर्ष घालवलं नाही, झाडाला ते हवंच होतं.

आणि खरं सांगू? हिवाळ्यात बाकी सगळी बाग उघडी पडलेली असताना तो हिरवा झुपकाच माझा आधार होता. रोज सकाळी कामाला निघताना मी तो बघून जायचे. चार वाजता अंधार पडणाऱ्या दिवसांत घरची आठवण फार येते. तेव्हा परसात एक तरी जिवंत गोष्ट आहे, याचं मोल आत्याला फोनवर कसं समजावणार?

आपली माणसं अधीर असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. नारळ लावणारा माणूस काय लगेच खोबरं मागतो? पण फुलझाड म्हटलं की आपल्याला याच हंगामात फूल हवं असतं, आणि आपलं ऊन ते देतंही. इथल्यांचा धीर मला आवडतो, पण तो बराचसा हवामानाने लादलेला आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

जपावं लागतं ते पाण्याला. पाणी तुंबलं की मुळं कुजतात, म्हणून निचऱ्याची जमीन हवी. थोडी चुनखडीची असली तरी चालते. पानांच्या मागे तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. तसली पानं लगेच काढून टाकायची आणि रोपांत वारा खेळता ठेवायचा.

फुलांना लवंगेसारखा मंद वास आहे. मधमाश्या आणि फुलपाखरं दिवसभर घुटमळतात, आणि कापून फुलदाणीत ठेवली तर फुलं आठवडाभर सहज टिकतात. याच फुलाचे पराग लंडनच्या टॉमस फेअरचाइल्ड नावाच्या माळ्याने 1717 च्या सुमारास कार्नेशनच्या फुलावर लावले. माणसाने मुद्दाम केलेला, नोंद असलेला तो पहिला संकर मानतात. त्या रोपाला बी धरेना, म्हणून ते फेअरचाइल्डचं खेचर म्हणून ओळखलं गेलं. परसातल्या साध्या फुलाच्या नावावर एवढा इतिहास आहे, आत्या!

कॉल संपता संपता तिनेच विचारलं, ‘थोडं बी पाठवशील का?’ तसं नाही पाठवता येत. रोग आणि किडी पसरू नयेत म्हणून देशाबाहेर बियाणं पाठवायला रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि नियम योग्यच आहे. शिवाय मिश्र रंगांच्या वाफ्यातल्या बियांतून कोणता रंग येईल, याची खात्री नसते. तिला मी डायंथसचं, म्हणजे स्वीट विल्यमच्याच गोतातल्या फुलझाडाचं, बी तिकडेच घ्यायला सांगितलंय. त्यात पहिल्याच हंगामात फुलणाऱ्या जाती मिळतात. पावसाळा पुरता सरला की पेर म्हटलं, थंडीत फुलतील.