पावतीवर पाच एप्रिल, नोटिशीत चार मे

मार्चअखेरच्या आठवड्यात पतसंस्थेतून फोन आला की समजायचं, प्रिंटर अडलाय. या वेळी प्रिंटर होताच, पण सोबत बराच लवाजमा होता. "दादा, नवीन मशिनींनी डोकं खाल्लंय. आज काहीही करून येऊन जा," मॅडम म्हणाल्या.

तालुक्याच्या गावातली ही पतसंस्था. हार्डवेअरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, माझ्याकडे आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर संचालक मंडळानं ठराव करून काउंटरसाठी विंडोज ११ ची नवी मशीन घेतली. खरेदी कोटेशन मागवून झाली आणि बसवून देणारा वेगळाच होता. त्यानं बसवली, बिल घेतलं, गेला. चालवायची आता आम्ही.

मॅडमनी तक्रारी एका कागदावर लिहूनच ठेवल्या होत्या. स्टार्टचं बटण कोपऱ्यातून मधे आलंय. राइट क्लिक केलं तर निम्मे पर्याय दिसत नाहीत. माउस चुकून खाली डावीकडे गेला की हवामान आणि नटनट्यांच्या बातम्या अंगावर येतात. स्टार्टमध्ये फाइल शोधावी तर इंटरनेटवरचं भलतंच दाखवतं. डेस्कटॉपवरच्या फाइलींवर ढगाचं चित्र आलंय आणि 'जागा संपत आली' म्हणून सारखी धमकी येते. शेवटची ओळ लाल पेनानं: ट्रेमध्ये कागद असूनही प्रिंटर कागद मागतो.

प्रिंटर सोडला तर हे सगळं माझ्या हातात बसलेलं आहे. टास्कबारच्या सेटिंगमध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट' केलं, विजेट्सचं बटण बंद केलं, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू येतो हे दाखवलं. ढगाचं चित्र म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं कपाट. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप त्यानं परस्पर सुरू केला होता, आणि फुकटची जागा ५ जीबी. ते बंद करताना मात्र घाई करू नये. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात आणि तेवढ्यात ऑफिसात बोंब उठते. म्हणून आधी फाइली जागेवर आणल्या, मग बंद केलं. ही असली दुखणी त्रास देतात, पण कुणाचं नुकसान करत नाहीत. दोन दिवसांत हाताला सवय होते.

मी शेवटच्या मशीनवर होतो तेव्हा काउंटरवर आवाज चढला. एक आजोबा, एका हातात ठेवपावती, दुसऱ्या हातात संस्थेची नोटीस.

"पावती बघा की. पाच एप्रिल लिवलंय. आन् ह्या कागदावर चार मे. मधला म्हैना माझं पैसं कुणाकडं ऱ्हानार?"

मॅनेजर साहेबांनी पावती पाहिली, सॉफ्टवेअरमध्ये खातं उघडलं. दोन्हीकडे पाच एप्रिल. चूक नोटिशीतच होती. साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम एकदम म्हणाल्या, "मी तारीख टाइपच करत नाही, साहेब. सगळं सॉफ्टवेअरमधून येतं."

खरं होतं ते. संस्थेच्या सॉफ्टवेअरला नोटीस काढता येत नाही. मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी सीएसव्ही फाइल म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर म्हणून, बाहेर निघते. मॅडम ती एक्सेलमध्ये उघडतात, एप्रिल आणि मेच्या ठेवी फिल्टर करतात आणि वर्डच्या मेल मर्जमधून (यादीतली नावं-तारखा एकाच पत्रात आपोआप भरण्याची सोय) नोटिसा छापतात. जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कधी एक तारीख हलली नव्हती. त्यातल्या एप्रिलच्या बेरजेवर साहेब पुढच्या महिन्यात किती रोकड लागेल याचा अंदाज बांधतात. त्यामुळे साहेबही उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

फोल्डर उघडलं तर एकाच नावाच्या दोन फाइली, चिन्हंही जवळजवळ सारखीच. एक सीएसव्ही, दुसरी मॅडमनी सेव्ह केलेली एक्सेलची, पण नावामागचं, फाइलीचा प्रकार सांगणारं शेपूट विंडोज मुळातच लपवतं. माझा या डीफॉल्टवर जुना राग आहे. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला, त्यातली फाइल नावात 'टीएक्सटी' लावून आली होती. त्यापुढचं खरं शेपूट, 'व्हीबीएस' (म्हणजे चालणारा प्रोग्राम), लपल्यामुळे लोकांना ते साधं पत्र वाटलं आणि त्यांनी ते उघडलं. पंचवीस वर्षं उलटली तरी शेपटं झाकलेलीच. व्ह्यूमध्ये जाऊन 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' सुरू केलं तेव्हा कुठली फाइल कुठली ते कळलं.

सीएसव्ही आधी नोटपॅडमध्ये उघडली. तिथं आजोबांच्या नावापुढे ०५/०४/२०२६. बरोबर. तीच फाइल एक्सेलमध्ये उघडली तर ५/४/२०२६. मॅडम म्हणाल्या, "बरोबरच आहे की!" दिसायला बरोबरच होतं. फक्त शून्यं गळाली होती. त्याच कॉलममध्ये खाली १३/०४/२०२६ होतं, त्याचं शून्य मात्र शाबूत.

मग मॅडमनी सेव्ह केलेली फाइल उघडली. त्यांनी यादी नीटनेटकी दिसावी म्हणून तारखांचा कॉलम मधोमध केला होता. तो सेंटर काढून टाकला. निम्म्या तारखा उजवीकडे सरकल्या, निम्म्या डावीकडे चिकटल्या. एक्सेल खऱ्या तारखेला आकडा समजून उजवीकडे लावतं आणि जे तारीख म्हणून समजलं नाही ते नुसता मजकूर म्हणून डावीकडे ठेवतं. डावीकडच्या सगळ्या तारखा तेरा किंवा त्यापुढच्या दिवसाच्या होत्या.

"साहेब, हे मशीन अमेरिकेत राहतंय," मी म्हणालो.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन. रीजनल फॉरमॅट: इंग्लिश, युनायटेड स्टेट्स. नवं मशीन पहिल्यांदा सुरू होताना देश विचारतं, तिथं बसवणाऱ्यानं 'नेक्स्ट' दाबलेलं. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. सीएसव्ही उघडताना एक्सेल विंडोजचीच ही सेटिंग प्रमाण मानतं. म्हणजे ०५/०४ वाचलं की पाचवा महिना, चौथा दिवस. १३/०४ वाचलं की तेरावा महिना नसतोच, म्हणून ते तसंच सोडून दिलं. आजोबांच्या तारखेच्या खान्याचा फॉरमॅट 'जनरल' करून दाखवला: ४६१४६. एक्सेल १ जानेवारी १९०० ला एक धरून दिवस मोजतं. ४६१४६ म्हणजे चार मे. पाच एप्रिल असती तर ४६११७ दिसलं असतं. नोटिशीसाठी मॅडमनी महिन्याचं नाव अक्षरात येईल असा फॉरमॅट लावला, तेव्हा पोटातली चूक कागदावर आली. तोवर पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं.

साहेबांनी कागद ओढला आणि तिथंच हिशोब मांडायला बसले. एक एप्रिलची ठेव एक्सेलच्या मते चार जानेवारीची, म्हणजे मुदत कधीच सरलेली. दोन एप्रिलची चार फेब्रुवारीची. बारा एप्रिलची थेट चार डिसेंबरला. पहिल्या बारा तारखांत फक्त चार एप्रिल बरोबर, तीही दोन्ही आकडे सारखे म्हणून. उलट चार मेची ठेव पाच एप्रिल होऊन एप्रिलच्या बेरजेत घुसलेली. आणि तेरापासून तीसपर्यंतच्या ठेवी मजकूर झाल्यामुळे एप्रिलच्या फिल्टरमधून बाहेर, त्यांना नोटीसच गेली नव्हती. "म्हणजे मी एप्रिलची म्हणून जी रोकड धरली ती..." एवढं बोलून साहेब थांबले.

मार्चअखेरला चालू काउंटरवर अशी सेटिंग बदलायला मी तयार नसतो. जुनी सॉफ्टवेअरं विंडोजची तारीख कशी उचलतील याचा भरवसा नसतो. पण थांबण्यासारखंही नव्हतं. काउंटर बंद होईपर्यंत थांबलो, डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला, सॉफ्टवेअर बंद करायला लावलं आणि फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)' केला. सॉफ्टवेअर उघडून जुनी दोन-चार खाती पावत्यांशी ताडली. ठीक होती.

मग मॅडमनी त्यांची सेव्ह केलेली यादी उघडली आणि ओरडल्याच, "अहो दादा, आत्तापर्यंत पाच-चार होतं, तुम्ही हात लावल्यावर चार-पाच झालं!" हा आरोप होणार हे मला माहीत होतं. सेव्ह केलेल्या फाइलीत ४६१४६ हाच आकडा बसलेला असतो. अमेरिकन पद्धतीनं तो ५/४ दिसत होता, भारतीय पद्धतीनं चार मे असा दिसायला लागला. सेटिंग सुधारल्यावर जुनी चूक पहिल्यांदा उघडी पडते, आणि खापर सुधारणाऱ्यावर. हे पटवून द्यायला चहा होईपर्यंतचा वेळ गेला. ती फाइल बाजूला टाकली, सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही नव्यानं काढून उघडली. तारीख न तारीख उजवीकडे. एप्रिलची बेरीज बदलली. किती, ते साहेबांनी मोठ्यानं वाचलं नाही.

प्रिंटरचं दुखणंही तिथलंच निघालं. अमेरिकेचा कागद 'लेटर', साडेआठ बाय अकरा इंच. आपला ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. मशीन लेटर मागत होतं, ट्रेमध्ये ए-फोर होता. प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये आणि वर्डच्या नोटिशीत, दोन्हीकडे ए-फोर केलं. स्वल्पविरामही जागेवर आले. इतके दिवस १,२३४,५६७ असं दिसत होतं आणि मॅडम बोटानं मोजून लाख शोधत होत्या, आता १२,३४,५६७.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ही सेटिंग मशीनची नसते, लॉगिनची असते. काउंटरवर पाळीपाळीनं दोघं-तिघं बसतात, म्हणून प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये जाऊन बदलावी लागली. कंट्रोल पॅनलच्या रीजनमध्ये 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबवर 'कॉपी सेटिंग्ज' असतं. तिथल्या दोन्ही चौकटी टिक केल्या, म्हणजे पुढं नवं लॉगिन उघडलं तरी ते भारतातच जन्माला येईल.

आजोबांना साहेबांनी दुरुस्तीचं पत्र सही-शिक्क्यासह हातात दिलं. त्यांनी दोन्ही कागद पिशवीत घातले. चुकीचा परत मागितला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पुरावा हाय."

बॅग भरताना मला आठवलं, मशीन एकाच लॉटमधली आणि शाखेलाही तीच गेलीत. साहेबांच्या फोनवरून शाखेतल्या क्लार्कला लावला.

"ठेवींची यादी एक्सेलमध्ये उघडी आहे का?"

"हाय की, नोटिसाच काढतोय."

"तेरा तारखेच्या पुढच्या तारखा डावीकडं चिकटल्यात का बघा."

थोडा वेळ नुसता माउसचा आवाज. "हो सर. सगळ्याच."

"छापू नका. फाइल सेव्ह न करता बंद करा. निघालोच मी."