आधी बाप्पाला, मग कागदाला

२२ जून

दारची लाल जास्वंद रंगवायचा हा सातवा प्रयत्न, आणि सातवाही फसला. मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पाऊस लागायच्या आत एक तरी जास्वंद नीट उतरवते. पाऊस लागला. जास्वंद तिथेच.

आधी घरची अडचण सांगते. आमच्याकडे जास्वंदीवर पहिला हक्क गणपतीचा. सासूबाई साडेसहालाच परडी घेऊन बागेत उतरतात. मी चहा, डबे आटोपून नऊला बोर्ड मांडते, तोवर झाडावर उरलेली फुलं एक तर हाताला न लागणारी नाही तर कुंपणाबाहेर झुकलेली. आणि कुंपणाबाहेरची फुलं सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींच्या पिशवीत जातात, त्यावर मी बोलत नाही, बीपी वाढतं. शेवटी आईंशीच बोलले.

"अहो आई, रोज एक फूल माझ्यासाठी झाडावर ठेवाल का?"

"चित्राला ना? ठेवीन की. पण मंगळवारी आणि चतुर्थीला मागू नकोस गं."

झाला करार. तरी फूल मिळून भागत नाही. साधी पाच पाकळ्यांची जास्वंद एका दिवसाची असते, संध्याकाळी छत्री मिटावी तशी स्वतःभोवती गुंडाळून घेते. मधल्या वेळातही ती स्वस्थ बसत नाही. नऊला वाटीसारखी उभी असलेली पाकळी बारापर्यंत मागे वळलेली असते, म्हणजे सावलीही दुसरीकडे. म्हणून आता पहिली वीस मिनिटं फक्त पेन्सिल. मोबाइलवर फोटो काढून ठेवते, पण लाल रंगासाठी त्याच्यावर विसंबू नका. कॅमेऱ्यात जास्वंदीचा लाल सगळा एका पातळीचा दिसतो, जत्रेतल्या प्लास्टिकच्या फुलासारखा.

आजची चूक मात्र फुलाची नाही, कागदाची. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, जाड), शंभर टक्के कॉटनचा पॅड एप्रिलमध्ये घेतला आणि लाकडी कपाटात तसाच उघडा ठेवला. आज पहिला वॉश, म्हणजे पातळ पाणीदार रंगाचा हात, टाकला तर रंग टीपकागदावर शाई पसरावी तसा आत शिरला, आणि जागोजागी गडद ठिपके उठले. कागदाला जिलेटिनची खळ दिलेली असते. दमट हवेत ती मरते, मग रंग वर तरंगत नाही, थेट धाग्यात जातो. वर मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राहावा म्हणून आधी लावायचा रबरासारखा द्रव) ओढून काढताना केसराच्या जागची सालच निघाली. नवीन पॅड प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, लोखंडी कपाटात ठेवलाय. जुन्या पॅडचे अकरा कागद राहिलेत, त्यांचं काय करायचं ते ठरायचंय.

९ जुलै

ठरलं. अकराही कागदांना गेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात दिले आणि तैलरंगाच्या सरावाला लावले. गेसोमुळे तेल कागदापर्यंत पोचत नाही आणि कॅनव्हास बोर्ड फुकट घालवल्याची हुरहूर नाही. पावसाळाभर जलरंगाला सुट्टी.

रंग मोजकेच काढले: टायटॅनियम व्हाइट, एक उबदार पिवळा, पायरोल रेड, क्विनाक्रिडोन रोझ, अल्ट्रामरीन, थॅलो ग्रीन. काळा मुद्दाम घेतला नाही, कारण काळा समोर असला की माझा हात आपोआप तिकडे जातो.

पहिलं फूल दोन तासांत संपवलं आणि इतकं वाईट झालं की हसू आलं. जिथे ऊन पडलं होतं तिथे मी लालात पांढरा मिसळला. सगळ्यांनाच ती खोड असते: उजेड म्हणजे पांढरा. पण लालात पांढरा घातला की उजळ लाल होत नाही, गुलाबी होतो, आणि तोही मंगल कार्यालयाच्या झालरीचा गुलाबी. सावलीत लालात अल्ट्रामरीन ढकललं तर उकडलेल्या बीटाची फोड. चित्र बघून मुलगा म्हणाला, "आई, हे गुलाबाचं आइस्क्रीम आहे का?" त्याला दुपारी खरंच आइस्क्रीम मिळालं नाही.

१४ जुलै

आज रंगवलं नाही. करारातलं फूल हातात घेऊन खिडकीत अर्धा तास नुसती बघत बसले, आणि सहा महिन्यांत कळलं नव्हतं ते कळलं.

एकाच पाकळीत तीन लाल आहेत. उजेड पाकळीच्या वरून येतो तिथे तिच्या गुळगुळीत पाठीवर आभाळाची चकाकी पडते. ती चकाकी थंड आहे, निळसर, जवळजवळ फिकट जांभळी. पाकळी बाजूने बघितली की तिचा स्वतःचा लाल दिसतो, तोच आपल्याला 'जास्वंदी' म्हणून माहीत आहे. आणि ऊन पाकळीच्या मागून येतं तिथे पाकळी पेटते. तिथे लाल नाहीच, शेंदरी आहे, कडेला तर नारिंगी. तिच्यातल्या शिरा त्या नारिंगीवर गडद रेघांनी उमटतात. मी आजवर ही पहिली आणि तिसरी जागा एकाच रंगाने, पांढऱ्याने, उजळ करत होते.

हे वाचताना काहींना चित्रकार हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवलं असेल, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, दिवा हाताने झाकून उभी असलेली मुलगी. मी ते लग्नानंतर लगेच पाहिलं होतं, तेव्हा नुसतंच 'वा' म्हणून पुढे गेले. त्यात चेहऱ्यावर पडलेला उजेड वेगळा आणि ज्योतीपुढच्या बोटांमधून आरपार येणारा लालसर उजेड वेगळा. आणि ते जलरंगात आहे, हे तेव्हा कुणी सांगूनही खरं वाटलं नव्हतं. आता वाटतं, हा प्रकार जलरंगातच नैसर्गिक आहे, कारण तिथे उजेड रंगाच्या थरातून जाऊन मागच्या कागदावर आपटून परत येतो. पाकळीतही तेच होतं की.

फुलाची आणखी एक गंमत दिसली. पाचही पाकळ्या एकाच दिशेने एकमेकींवर चढलेल्या असतात, हातात पत्ते पसरावेत तशा, म्हणजे प्रत्येकीची एक कड वर आणि दुसरी शेजारणीखाली. मी दोन पाकळ्या दोन्ही कडांनी वर काढत होते. म्हणूनच माझं फूल नेहमी भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसायचं.

२ ऑगस्ट

मध्येच गोकर्णाचा नाद. कुंपणावरच्या वेलाला इतकी फुलं आहेत की आईही पुरे म्हणाल्या. तैलरंगात गोकर्ण अर्ध्या तासात जमली: अल्ट्रामरीन, त्यात क्विनाक्रिडोन रोझचा कण, गळ्याशी पिवळट पांढरा. जास्वंदीने छळल्यावर असं सोपं फूल बरं वाटतं.

एक खेळ मात्र करून बघा. पाकळ्या गरम पाण्यात चुरगळून जो निळा निघतो तो ब्रशने कागदावर लावला. ओला असतानाच एका कोपऱ्यात लिंबाचा थेंब सोडला तर जांभळा-गुलाबी झाला, दुसऱ्यात खायच्या सोड्याचं पाणी, तो हिरवटला. दिसायला मोठी बहार, पण चित्रात वापरू नका, असला रंग उन्हात टिकत नाही.

१९ ऑगस्ट

अनंताला एकदम सात कळ्या. पांढरं फूल जलरंगात म्हणजे फूल रंगवायचंच नाही, मागची पानं रंगवायची आणि फुलाच्या जागी कागद सोडायचा. पाऊस दोन दिवस उघडला म्हणून नव्या पॅडमधला एक कागद काढायचं धाडस केलं. वॉश वाळायला चाळीस मिनिटं. घाईत हेअर ड्रायर मारला तर ओल्या रंगाची लाट पाकळीच्या कडेवर चढली. आईंना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पानं छान आलीत." खरंच पानंच छान आली होती.

पिंपरी-चिंचवडकर म्हणून एक सांगायचं राहू नये. मी इतकी वर्षं लोकलने ज्या दापोडीवरून नोकरीला गेले, तिथे एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती-उद्यान होतं. त्याचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमारास बागेतल्या झाडांची रंगीत चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. काढणारा इथलाच, पोर्तुगीज-भारतीय चित्रकार, पण नाव नोंदलेलं नाही. त्याची फुलंही संध्याकाळी मिटतच असणार.

१२ ऑक्टोबर

गणपतीत महिनाभर ब्रश धरला नाही. घरात जास्वंद होती, पण सगळी हारात.

आज हवा कोरडी, आणि मार्चमध्ये पश्चिमेच्या खिडकीला चिकटवलेली पट्टी काढली. नव्यांसाठी: एका कागदावर सगळ्या लाल-गुलाबी रंगांचे पट्टे ओढायचे, अर्ध्या भागावर अॅल्युमिनियम फॉइल घट्ट चिकटवायची आणि उन्हात विसरून जायचं. सात महिन्यांनी निकाल असा. बोगनवेलीसाठी मी हौसेने आणलेला ऑपेरा पिंक, तो चमकणारा, उघड्या बाजूला निम्म्याहून जास्त उडालाय. जुन्या ट्यूबमधला अस्सल अॅलिझरिन क्रिमसन, पीआर ८३ हा पिगमेंट नंबर (रंगद्रव्याचा क्रमांक) लिहिलेला, पातळ वॉशमध्ये स्पष्ट फिका पडलाय. क्विनाक्रिडोन रोझ, म्हणजे पीव्ही १९, आणि पायरोल रेड, पीआर २५४, यांच्यात मला फॉइलखालची आणि बाहेरची बाजू ओळखता आली नाही. दुकानात ट्यूबवरचं कवितेसारखं नाव वाचू नका, मागचा बारीक अक्षरातला पिगमेंट नंबर वाचा. भेट दिलेल्या दोन बोगनवेली आठवून जरा लाज वाटतेय.

२७ ऑक्टोबर

आठवी जास्वंद, जलरंगात. सविस्तर लिहिते, कारण ही जमली.

रेखाटन वीस मिनिटं. मधल्या लांब दांड्याच्या टोकाला पाच लाल टिकल्या असतात आणि त्यांच्याखाली पिवळे पुंकेसर. त्या सगळ्यांवर मास्किंग फ्लुइडचे ठिपके, तेही अगरबत्तीच्या जळून उरलेल्या काडीने. ब्रश बुडवला तर तो ब्रश गेलाच म्हणून समजा. फ्लुइड आपोआप वाळू दिलं, ड्रायरला हात लावला नाही.

पहिला थर लाल नाहीच. जिथे ऊन आरपार येत होतं तिथे पिवळा-नारिंगी, आणि जिथे चकाकी तिथे अल्ट्रामरीनचं इतकं पातळ पाणी की वाळल्यावर आहे की नाही असं वाटावं. पूर्ण वाळू दिलं. चहा झाला, कपडे वाळत घातले.

दुसरा थर पायरोल रेडचा, एका आड एक पाकळी घेत, म्हणजे ओली कड शेजारणीत शिरत नाही. नारिंगीवरून तो सरळ नेला, चकाकीपाशी थांबवला आणि स्वच्छ ओलसर ब्रशने कड विरघळवली. त्या क्षणी खालचा पिवळा लालातून वर आला आणि पाकळी पेटली. मी एकटीच होते, तरी 'अरे!' म्हणाले.

तिसरा थर क्विनाक्रिडोन रोझ, जिथे एक पाकळी दुसरीखाली जाते तिथे आणि गळ्याकडे. गळ्याचा अगदी आतला गडद डाग क्विनाक्रिडोनमध्ये थॅलो ग्रीनचा कण घालून. लाल आणि हिरवा भांडतात तेव्हा जो काळपट तांबडा (मरून रंग) होतो तो काळ्यापेक्षा खोल असतो. पानांनाही तोच धडा लागू पडला: जास्वंदीचं पान तुकतुकीत, म्हणजे त्याच्या पाठीवरही आभाळ. तिथे पोपटी नको, निळसर राखाडी हवा.

चूक एकच. खालच्या डाव्या पाकळीवर चौथा थर दिला. गरज नव्हती. तेवढी एक पाकळी मेली आहे, आणि आता मला चित्रात तीच दिसते.

१६ डिसेंबर

तेच फूल तैलरंगात, बारा बाय सोळाच्या कॅनव्हासवर, जलरंगाचं चित्र समोर ठेवून आणि खरं फूल बाजूला. टर्पेंटाइनने पातळ केलेला खालचा थर, नंतर नंतर जवसाचं तेल वाढवत नेलं, उलट केलं तर वरचा थर आधी वाळून तडकतो. इथे क्रमच उलटा. जलरंगात चकाकी सर्वांत आधी राखून ठेवावी लागली. तेलात ती सर्वांत शेवटी, निळसर पांढऱ्याचे तीन फटकारे, आणि हात मागे. उजेड आरपार येतो ती जागा पांढऱ्याशिवाय, नारिंगी आणि लाल एवढ्यावरच भागवली. पुंकेसर पॅलेट नाइफने जाड लावले.

तेलाचे बोळे कचऱ्याच्या डब्यात गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात ऊब धरते आणि कोंबलेले बोळे आपले आपण पेट घेऊ शकतात. मी ते पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावते.

चित्र देवघराच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलंय, तिथे उजेड बरा येतो. पाकळ्या वाळल्यात, पुंकेसरांवर अजून नखाची खूण उठते. वार्निश जूनच्या आधी नाही. काल आई परडी घेऊन आल्या, थांबल्या, आणि रोजच्या फुलांतलं एक चित्रापुढे ठेवून आत गेल्या. तेच फूल उचलून मी आज नववं रेखाटन केलं. मंगळवार होता, पण त्या काही बोलल्या नाहीत.