साडेबेचाळीस मिलीमीटर

आमच्या ऑफिसने ऑटोकॅड सोडून रेव्हिट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं तेव्हा मला ड्राफ्टिंगमध्ये, म्हणजे इमारतींचे नकाशे काढण्यात, सतरा वर्षं झाली होती. भिंत म्हणजे दोन रेषा आणि मध्ये २०० मिमी अंतर. एक रेष ओढायची, ऑफसेट द्यायचा, शून्य रेडियसचा फिलेट मारून कोपरे जुळवायचे, दाराच्या जागी ट्रिम करायचं. डोक्यात दुसरा विचार चालू असला तरी हात हे करत राहायचे. त्यामुळे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी ‘आज आपण भिंत काढायला शिकू’ असं शिकवणारा म्हणाला तेव्हा मी वही उघडलीच नाही.

ट्रेनिंग तीन दिवसांचं होतं. त्यात भिंतीच्या वाट्याला जेमतेम चाळीस मिनिटं आली. डब्ल्यूए दाबा, यादीतून प्रकार निवडा, इथे क्लिक, तिथे क्लिक, झाली भिंत. उरलेला बहुतेक वेळ रेंडरिंग आणि वॉकथ्रूमध्ये, म्हणजे इमारतीची चित्रं आणि आतून फिरवणारे व्हिडिओ बनवण्यात, गेला, कारण ते बघायला छान दिसतं. वरच्या पट्टीवर ‘लोकेशन लाइन’ नावाचा एक खाना आहे. शिकवणाऱ्याने त्यावरून माउस नेला आणि म्हणाला, “हे आहे तसंच राहू द्या.” जे सगळ्यात आधी शिकवायला हवं होतं, नेमकं तेच त्याने सोडून दिलं. मला याचा आजही राग येतो.

बाहेरच्या माणसाला हे लक्षात येणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. रेव्हिटमध्ये आपण क्लिक करतो ती भिंतीची कड नसते. आपण एकच रेष देतो आणि सॉफ्टवेअर तिच्याभोवती भिंत उभी करतं. ती रेष भिंतीच्या जाडीत नेमकी कुठे आहे, हे लोकेशन लाइन ठरवते. पर्याय सहा आहेत : अख्ख्या भिंतीचा मध्य, कोअरचा मध्य, फिनिशचं बाहेरचं तोंड, फिनिशचं आतलं तोंड, कोअरचं बाहेरचं तोंड आणि कोअरचं आतलं तोंड. कोअर म्हणजे गवंडी आधी उभी करतो ती मूळ भिंत, आमच्या बाबतीत ब्लॉक. प्लास्टर, इन्सुलेशन हे सगळं नंतर तिच्यावर चढतं. पण सुरुवातीला भिंत ‘जेनेरिक २००’, म्हणजे एकाच थराची असते. तिच्यात कोअर आणि फिनिश वेगळे नसतातच, म्हणून सहा पर्यायांचे तीनच उरतात आणि मध्याचे दोन पर्याय तर तंतोतंत सारखे वागतात. नवशिक्याने दोन्ही वापरून बघितले तरी त्याला काडीचा फरक दिसत नाही. हा फरक पुढे कधीतरी, भिंतीचा प्रकार बदलताना, एकदम अंगावर येतो.

दुसरी गोष्ट दिशेची. भिंत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काढत गेलं तर तिची बाहेरची बाजू बाहेर येते, उलट दिशेने काढली तर आत जाते. स्पेसबार दाबला की बाजू पालटते. एकाच थराच्या भिंतीत हेही दिसत नाही.

काम चार मजली इमारतीचं होतं. जुना ऑटोकॅडचा प्लॅन खाली लिंक करून मी त्यावर भिंती काढल्या. बाहेरच्या सगळ्या जेनेरिक २००, आतल्या वेगळ्या प्रकाराच्या. ब्लॉकचं बाहेरचं तोंड आणि कॉलमचं बाहेरचं तोंड एका रेषेत, हे स्ट्रक्चरच्या सरांशी आधीच ठरलेलं होतं. तसं मी एकेक कोपरा झूम करून तपासलं होतं.

मग बाहेरून इन्सुलेशन द्यायचं ठरलं. नवी भिंत अशी : बाहेरून २० मिमी प्लास्टर, ८० इन्सुलेशन, २०० ब्लॉक, आतून १५ प्लास्टर. एकूण ३१५. हा प्रकार मी जीव ओतून बनवला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. जुन्या प्रकारातच बदल न करता त्याची डुप्लिकेट काढली, नाव नीट दिलं. प्रत्येक थराला त्याचं काम नेमून द्यावं लागतं आणि त्या कामाला क्रमांक असतो : ब्लॉकला १, इन्सुलेशनला ३, बाहेरच्या प्लास्टरला ४, आतल्याला ५. दोन भिंती भेटतात तिथे लहान क्रमांकाचा थर मोठ्या क्रमांकाच्या थराला कापून पुढे जातो. आतली भिंत येऊन बाहेरच्या भिंतीला टेकली की आतलं प्लास्टर तिथे थांबतं आणि ब्लॉक थेट ब्लॉकला जाऊन मिळतो. साइटवर गवंडी करतो अगदी तसं. सतरा वर्षं हे जोड मी हॅच, म्हणजे थर ओळखू यावा म्हणून त्यात भरलेली नक्षी, कापून कापून हाताने दाखवले होते. तो कोपरा पहिल्यांदा आपोआप जुळलेला दिसला तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते.

त्यानंतर एक भिंत निवडली, राइट क्लिक, तसल्या सगळ्या भिंती सिलेक्ट, यादीतून नवा प्रकार. चारही मजल्यांच्या बाहेरच्या भिंती एका दमात बदलल्या. ऑटोकॅडमध्ये याला मला आठवडा लागला असता. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. आमचे मोठे सरही येऊन बघून गेले.

तिसऱ्या दिवशी स्ट्रक्चरच्या सरांचा फोन आला. “मॅडम, तुमचा ब्लॉक आमच्या कॉलमच्या तोंडापासून बेचाळीस मिमी आत का गेलाय?”

मी म्हटलं, शक्यच नाही. फाइल उघडली, मोजलं. साडेबेचाळीस.

मी लोकेशन लाइन होती तशीच राहू दिली होती, म्हणजे अख्ख्या भिंतीच्या मध्यावर. जाडी २०० वरून ३१५ झाली, ११५ मिमी वाढली. मध्य जागचा हलला नाही, म्हणून वाढ निम्मी बाहेर गेली आणि निम्मी आत, साडेसत्तावन्न दोन्हीकडे. पण खरे थर काही निम्मे निम्मे नव्हते. बाहेर १००, आत १५. मग हिशोब जुळवायला ब्लॉकलाच आत सरकावं लागलं, साडेबेचाळीस मिमी. सॉफ्टवेअरने कुठलाही इशारा दिला नाही. भिंती एकमेकींवर चढल्या, एखादी रेष किंचित तिरकी गेली, की ते लगेच इशारा देतं. इथे त्याच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं. मी जे सांगितलं तेच त्याने केलं होतं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. पॅसेज १५२० होता आणि तो कमीत कमी १५०० हवाच होता. नुसतं प्लास्टर चढून तो १५०५ व्हायला हवा होता, झाला होता १४६२.५. कोपऱ्यातली चार बाय पाच मीटरची खोली २० चौरस मीटरवरून १९.८७ वर यायला हवी, क्षेत्रफळांच्या तक्त्यात दिसत होती १९.४९. तो तक्ता माझ्या नावाने पुढे गेलेलासुद्धा होता.

स्ट्रक्चरच्या सरांनी चुकलेल्या भिंतींची यादी दिली होती, तिच्यात सात भिंती उलट्या निघाल्या. त्यांचा ब्लॉक कॉलमच्या बाहेर गेला होता, तोही साडेबेचाळीसच. जिन्यामागच्या खाचेतल्या भिंती मी काट्याच्या उलट दिशेने काढल्या होत्या. त्यामुळे इन्सुलेशन खोलीच्या बाजूला आलं होतं. मी १:१०० चा प्लॅन ‘कोर्स’वर, म्हणजे कमीत कमी तपशिलावर, ठेवून काम करत होते आणि कोर्समध्ये भिंतीच्या फक्त बाहेरच्या कडा दिसतात. दोन्हीकडे जाडी ३१५च, वाढही दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे सुलट आणि उलट्या भिंतीत केसाचाही फरक नव्हता. ‘फाइन’, म्हणजे पूर्ण तपशील, केलं आणि त्या सात ठिकाणी इन्सुलेशनचं नागमोडी हॅच आतल्या बाजूला उमटलं. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न फसला. मी सगळ्या भिंती निवडून लोकेशन लाइन बदलून कोअरच्या मध्यावर आणली. काहीच हललं नाही. उभ्या असलेल्या भिंतीची लोकेशन लाइन बदलली तर भिंत सरकत नाही, फक्त पुढच्या बदलाच्या वेळी कोणती रेष धरून ठेवायची हे बदलतं. हे समजायला माझी अख्खी दुपार गेली. शेवटी क्रम सापडला : लोकेशन लाइन पुन्हा भिंतीच्या मध्यावर, सगळ्या भिंती पुन्हा जेनेरिक २००. त्या मुकाट्याने मूळ जागी परत आल्या. मग लोकेशन लाइन कोअरच्या मध्यावर, मग नवा प्रकार. आता ब्लॉक जिथल्या तिथे राहिला, बाहेर १०० वाढले, आत १५. सात उलट्या भिंतींवर स्पेसबार दाबला, तर त्या कोअरभोवतीच पालटल्या. कॉलमपासूनचं अंतर शून्य. पॅसेज १५०५. संध्याकाळचे साडेसात झाले होते.

तरी तीन भिंती जुळेनात.

दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या तीन भिंती कॉलमच्या बाहेर आल्या होत्या, साडेबेचाळीस मिमीच. त्या सुलट होत्या, तरीही. मी सरांची यादी पुन्हा वाचली. या तिघींची त्यात नोंदच नव्हती. म्हणजे सकाळपर्यंत त्या बरोबर होत्या आणि मी दुरुस्ती केल्यावर बिघडल्या. मला वाटलं, आता हे सॉफ्टवेअर आपल्या आवाक्यातलं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. त्या जिन्याचं काम आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाकडे होतं, कॉलेजातून बाहेर पडून त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याला भिंत आणि कॉलममधला फरक माझ्या आधी दोन दिवस दिसला होता. त्याने अलाइन, म्हणजे एक कड दुसरीच्या रेषेत आणणारी कमांड, वापरून त्याच्यापुरत्या तीन भिंती सरकवल्या आणि जिना पूर्ण केला. त्याच्या बाजूने ते अगदी बरोबर होतं. मी मागून सगळ्याच भिंती मूळ जागेच्या हिशोबाने परत आणल्यावर त्याच्या भिंती तेवढ्याच बाहेर राहिल्या.

मी विचारलं, “अरे, मला सांगितलं का नाहीस?”

तो म्हणाला, “ताई, मला वाटलं तुम्ही काहीतरी विचार करूनच ठेवलं असेल. तुम्ही इतकी वर्षं करताय.”

“लोकेशन लाइन तुला माहीत होती?”

“हो. पहिल्याच वर्षी शिकवली होती.”

मी त्याला रागावले नाही. त्या तीन भिंती दोघांनी मिळून सरळ केल्या, दहा मिनिटांचं काम होतं. मोठ्या सरांनी एवढंच विचारलं की सबमिशन वेळेत जातंय ना. लायसन्स घेताना जसा विचार झाला तसा शिकायला किती वेळ लागेल याचा कधी झाला नाही, हे मी त्यांना तेव्हा बोलून दाखवायला हवं होतं. बोलले नाही. तक्ता दुरुस्त करून पुन्हा पाठवला, सोबत चूक माझी असल्याचं लिहिलं. स्ट्रक्चरच्या सरांनी फक्त “मिळालं, ठीक आहे” असं कळवलं.

हे होऊन पाच महिने झाले. आता मी रेषेला हात लावायच्या आधी वरच्या पट्टीकडे बघते, ते हातात बसलंय. डोक्यातून जात नाही ती दुसरी गोष्ट. सगळ्यांना स्क्रीनसमोर बोलावून चारही मजल्यांच्या भिंती बदलून दाखवल्या, तेव्हा तो मुलगा मागच्या खुर्चीला टेकून उभा होता. लोकेशन लाइनच्या खान्यात काय लिहिलंय, ते त्याला तिथून दिसत असणार. त्याने तेव्हाच, सगळ्यांदेखत विचारलं असतं, तर मी त्याला काय उत्तर दिलं असतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.