दर प्रोजेक्टला वेगळं एन्व्हायर्नमेंट कशाला?

पायथन शिकणारी मुलं मला हमखास विचारतात, "सगळ्या लायब्ररी एकदाच इन्स्टॉल केल्या तर काय बिघडतं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इन्स्टॉल केलेल्या लायब्ररी पायथन साइट-पॅकेजेस नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं, आणि अशा एका फोल्डरमध्ये एका लायब्ररीचं एकच व्हर्जन राहतं. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं २.० व्हर्जन आलं आणि नमपाय १ वर कंपाइल झालेली कितीतरी पॅकेजेस इम्पोर्टलाच अडकायला लागली. म्हणजे नव्या प्रोजेक्टसाठी तुम्ही नमपाय अपग्रेड केलंत, की ज्याच्या कोडला कोणी हातही लावला नाही तो जुना प्रोजेक्ट बंद पडतो. मग माणूस चूक कोडमध्ये शोधत बसतो, जिथे ती नसतेच.

लिनक्सवर सिस्टिमची स्वतःची काही साधनंही पायथनवर चालतात. म्हणून डेबियन १२ या लिनक्समध्ये सिस्टिमच्या पायथनवर पिपने (लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने) काही इन्स्टॉल करायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर येतो. त्यावर ही अडवणूक ओलांडणारा 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय सर्रास सुचवला जातो. तो कृपा करून वापरू नका.

यावर उपाय म्हणजे दर प्रोजेक्टला स्वतःचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्ररींचा वेगळा संच. ते बनवणारं व्हीएन्व्ह हे साधन पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, सोबतच मिळतं. त्यात गूढ काही नाही. एक फोल्डर तयार होतं, त्यात मूळ पायथनची लिंक, चार-पाच ओळींची एक कॉन्फिग फाइल आणि जवळपास रिकामं साइट-पॅकेजेस. अ‍ॅक्टिव्हेट केलं की हे फोल्डर पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या जागांच्या यादीत, सगळ्यात पुढे येतं. अ‍ॅक्टिव्हेट न करता त्यातलं पायथन थेट चालवलंत, तरी ते तिथल्याच लायब्ररी उचलतं.

हे फोल्डर जपत बसू नका, लायब्ररींची यादी जपा. फोल्डर गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकायचं नाही, दुसरीकडे हलवायचंही नाही, कारण आतल्या स्क्रिप्टमध्ये जुन्या जागेचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. यादी मात्र गिटमध्ये हवीच. इन्स्टॉल असलेल्या लायब्ररींची यादी देणाऱ्या नुसत्या 'पिप फ्रीझ' कमांडवर माझं समाधान होत नाही: तुम्ही मागवलेल्या लायब्ररी आणि त्यांच्यामागून आलेल्या, सगळ्या एकाच रांगेत येतात. सहा महिन्यांनी कुठली का आहे ते उमगत नाही. म्हणून दोन याद्या ठेवा. थेट लागणाऱ्या लायब्ररींची हाताने लिहिलेली, आणि नेमक्या व्हर्जनची लॉक फाइल, जी यूव्ही हे पिपसारखंच साधन आपसूक बनवतं.

आणि अधूनमधून ते फोल्डर खुशाल डिलीट करून यादीवरून पुन्हा उभं करा, टेस्ट चालवा. काही लिहायचं राहिलं असेल तर त्याचं नाव एररमध्येच दिसेल, तेही सर्व्हरवर जाण्याआधी.